वेंकोबाराव घंटा वाजवतात

सकाळच्या पाळीचा चहा हातात येतो न येतो तोच कंट्रोल रूमचा फोन वाजायचा आणि पलीकडून शांत आवाज यायचा, “बापटराव, अत्ता घंटी वाजणार. घाबरू नका.” मी ‘बरं’ म्हणेपर्यंत घंटा वाजू लागलेली असे. समोरच्या फलकावर एक तांबडा दिवा लागे, मी खटका दाबून घंटा बंद करी, आणि दिवा विझतो तोच दुसरा लागे. असं सगळ्या इमारतीची फेरी होईपर्यंत चाले. तोवर चहा गार झालेला असे. अणुभट्टीवर पाळी करणाऱ्या आम्हा सगळ्यांचा वेंकोबारावांवर जो राग होता, त्यातला निम्मा तरी त्या गार चहाचा होता.

आमच्या भट्टीच्या इमारतीत जागोजागी भिंतीवर राखाडी पेट्या बसवलेल्या होत्या. त्यांना आम्ही मॉनिटर म्हणायचो. आसपास किरणोत्सर्ग किती आहे ते त्यांनी काट्यावर दाखवायचं आणि प्रमाणाबाहेर गेला तर घंटा वाजवायची, एवढंच त्यांचं काम. त्या पेट्या सांभाळणं, दुरुस्त करणं आणि तपासणं हे वेंकोबारावांचं काम. एका लांब दांडीच्या टोकाला किरणोत्सारी धातूची एक टिकली बसवलेली होती. ती दांडी घेऊन ते पेटीपेटीपुढे जायचे, टिकली पेटीच्या तोंडाशी धरायचे आणि पेटी ओरडली की समाधानाने मान हलवून पुढे सरकायचे. नियमाप्रमाणे हे महिन्यातून एकदा केलं तरी चाललं असतं. वेंकोबाराव रोज करत.

एकदा मी वैतागून विचारलं की अहो, पेट्या गप्प आहेत, काटे जागेवर आहेत, मग रोज उठून त्यांना डिवचायचं कशाला? त्यावर ते म्हणाले, “गप्प अहे म्हणजे बरं अहे की मेलं अहे, हे कसं कळावं? विचारायास नको?”

बुटके, काळेसावळे, कपाळावर अंगाऱ्याची उभी रेघ आणि खाली अक्षतेचा ठिपका, पांढरा बुशशर्ट आणि त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. तंजावरचे. घरात मराठी, शेजारात तमिळ, ऑफिसात इंग्रजी. त्यांच्या मराठीला आम्ही पहिल्या दिवशी हसलो, कारण ‘सगळं’ या शब्दाला ते ‘अस्कद’ म्हणायचे आणि ‘आणि’ला ‘होर’. हसण्याचं त्यांना काही वाटलं नाही. आमची मराठी तुमच्या मिरजेहून फार आधी निघाली, वाटेत तिला कोणी भेटलं नाही म्हणून ती तशीच राहिली, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नसे. बायकोला पत्र लिहायचं तर मराठी, पण तमिळ अक्षरांत. मला याचं नवल वाटे आणि माझ्या नवलाचं त्यांना.

आमची भट्टी खाडीकाठी, हवा दमट. त्या हवेने पेट्यांच्या आतले इन्सुलेटर ओलसर होत आणि काटे उगीचच चढत. वेंकोबाराव कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून ते पुसत बसायचे, बाळाचे कान पुसावेत तसे. ओल शोषणारे निळे खडे प्रत्येक पेटीत पुरचुंडी करून ठेवायचे आणि ते गुलाबी पडले की भाजून पुन्हा निळे करायचे. तेच खडे त्यांच्या घरी अप्पळाच्या डब्यातही असत. पद्माबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या की आमच्या घरातले पापड सरकारी देखरेखीखाली आहेत.

आम्ही एकाच चाळवजा क्वार्टर्समध्ये समोरासमोर राहत होतो, त्यामुळे त्यांच्या घरातला कारभारही मला दिसायचा. संध्याकाळ झाली की बॅटरी पेटवून बघायची. दाराची घंटा आपणच बाहेर जाऊन वाजवून बघायची. त्यांची मुलगी रुक्मिणी सांगायची की ती तान्ही असताना पाळण्यात शांत झोपली की हे तळपायाला हळूच चिमटा काढून बघत आणि ती रडली की निश्चिंत मनाने कामाला जात. “आई मग तासभर मज घेऊन फिरायची,” ती हसत सांगे. मुलगी मोठी गोड होती. बापाचा काळा वर्ण आणि आईची जीभ घेऊन आलेली. घरात बापाच्या कपड्यांची धुलाई तिच्याकडे असे, कारण वेंकोबारावांना धोब्याच्या भट्टीचा भरवसा नव्हता.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हा मनुष्य आम्हाला किती छळायचा ते कळेल. तळघरातल्या पंपांच्या खोलीतल्या पेटीचा काटा कित्येक दिवस एकाच आकड्यावर शहाण्यासारखा उभा होता. आम्ही प्रत्येक पाळीला तो आकडा बघत होतो आणि खूश होतो. वेंकोबाराव रजेवर होते, त्यामुळे दांडी कोणी लावली नव्हती. परत आले, दांडी लावली, पेटी बोलेना. काटा नुसता अडकला होता. दुरुस्ती तासाभरात झाली, नंतरच्या मोजमापात खोलीत काही वावगंही निघालं नाही. पण हे गृहस्थ एवढ्यावर थांबायला तयार होईनात. त्यांचं म्हणणं असं की नोंदवहीत त्या सगळ्या दिवसांपुढे आता ‘ठीक’ असं म्हणता येणार नाही, ‘माहीत नाही’ असं म्हणावं लागेल. साहेब म्हणाले, काही झालं नाही ना? वेंकोबाराव म्हणाले, तेच माहीत नाही. दोघांची तासभर वादावादी झाली आणि शेवटी साहेबांनी हात टेकले. ठीक असणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं, हे मला त्या दिवशी पटलं, पण तेव्हा ते मी कबूल केलं नाही.

आता घंटेची दुसरी गोष्ट. सगळा घोळ तिथूनच झाला.

वेंकोबाराव एकदा पुतण्याच्या लग्नाला तंजावरला गेले. तिकडे नवरदेवाची मिरवणूक निघते, तिला जानवासं म्हणतात. मिरवणुकीत गॅसबत्त्या लागतात, आणि गॅसबत्त्या बिघडल्या की तिथे वेंकोबारावांशिवाय कोणाला शोधणार? यांनी कोट न काढताच बत्त्या दुरुस्त केल्या. फुटलेली जाळी बदलली, उरलेली तुटकी जाळी कोटाच्या खिशात टाकली. या जाळ्यांत किरणोत्सारी थोरियम असतं, हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, आणि लग्नघरात ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. तोच कोट घालून परत कामावर आले त्या दिवशी बाहेर पडताना हातापायांच्या यंत्रावर हात ठेवले तर घंटा. हे यंत्र दाराशीच असतं, हातापायाला काही लागलेलं नाही ना ते बघायला. साबणाने हात धुतले, पुन्हा ठेवले, यंत्र गप्प. निघताना कोटाच्या खिशातला रुमाल काढला, सवयीने आणखी एकदा हात ठेवले, पुन्हा घंटा. दारात माणसांची रांग. शेवटी यांनी कोट काढून यंत्रावर ठेवला आणि यंत्र बोंबलायला लागलं. वेंकोबाराव इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. सबंध भट्टीत कुठे काही सांडलेलं नाही आणि घरच्या लग्नाने घंटा वाजवली, याचा त्यांना कोण आनंद झाला.

हीच गोष्ट त्यांनी पुढच्या खेपेला तंजावरला पंगतीत सांगितली. तिथे चुकले.

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत मराठी घरं मोजकीच. सोयरीक करायची तर ह्या घरातून त्या घरात, फार झालं तर पापनाशम, कुंभकोणम. रुक्मिणीचं तेव्हा पापनाशमच्या स्वामीरावांच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. मुलगा वीज खात्यात इंजिनियर, घरची भाताची शेती, माणसं सभ्य. पंगतीतली गोष्ट पापनाशमला पोचली ती अशी की वेंकोबारावांनी हात लावला की घंटा वाजते. त्यातला कोट गळाला, जाळी गळाली, हसणं गळालं. आणि वेंकोबारावांचे कपडे मुलगी धुते, हे कोणीतरी भर घालून सांगितलं.

स्वामीराव निवृत्त तहसीलदार, फार मऊ बोलणारे. त्यांनी निरोप पाठवला की आम्हास काही शंका नाही, पण लोक बोलतात, पुढे मुलंबाळं व्हायची आहेत, तर थोडं थांबू. आपल्याकडे थांबू म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. पद्माबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. ते घर गेलं तर उरलेली घरंही जाणार होती, कारण एकाने का सोडली, हे पुढचा विचारणारच.

वेंकोबारावांना मात्र उपाय अगदी सरळ दिसत होता. शंका आहे ना, मग मोजून दाखवू. तंजावरच्या एका कॉलेजात अणुशक्तीवर व्याख्यान द्यायचं आमंत्रण त्यांना आलेलंच होतं. त्या निमित्ताने हातात धरून किरणोत्सर्ग मोजायचा एक सर्व्हे मीटर ऑफिसातून रीतसर परवानगीने मिळाला. आणि भट्टीवरचा एक त्रयस्थ माणूस साक्षीला हवा म्हणून त्यांनी मला रजा टाकायला लावली. मी गेलो, कारण मला तंजावर बघायचं होतं. शिवाय रुक्मिणीचं व्हावं असं मनापासून वाटत होतं.

तंजावरला त्यांचे थोरले भाऊ राजारामराव शाळामास्तर होते, त्यांच्या घरी आम्ही उतरलो. माझी मराठी ऐकायला गल्लीतली माणसं घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, येऊन बसत. मी बोललो की माना डोलवत आणि मग राजारामरावांना हळूच विचारत, काय म्हणाले? पहिल्या दिवशी कॉलेजात व्याख्यान झालं, फार छान झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पापनाशमला गेलो: वेंकोबाराव, पद्माबाई, रुक्मिणी, राजारामराव आणि मी.

स्वामीरावांच्या घरी मोठ्या दालनात सतरंज्या घातल्या होत्या. एका बाजूला झोपाळा, त्यावर स्वामीराव. दोन्हीकडचे नातेवाईक, शेजारपाजारचे काही. नवरा मुलगा खांबाशी उभा होता, त्याची नजर जमिनीवरून उठत नव्हती. कापी, म्हणजे कॉफी, झाली. वेंकोबारावांनी मधोमध स्टूल मागवलं, त्यावर मीटर ठेवला आणि मला वाटलं, आता सरळ मोजमाप करून हा मनुष्य मोकळा होईल.

पण तो वेंकोबाराव कसला. यंत्र तपासल्याशिवाय त्याचं बोलणं खरं कसं मानायचं? त्यांनी खिशातून गॅसबत्तीच्या जाळीचं कोरं पाकीट काढलं आणि मीटरच्या तोंडाशी धरलं. मीटर तडतडायला लागला. दालनातली माणसं एकदम मागे सरली, एका बाईने तर पोराला उचलून माजघरात नेलं. मी कपाळाला हात लावला. वेंकोबाराव मात्र शांतपणे सांगत होते की घाबरायचं कारण नाही, यंत्र जिवंत आहे एवढंच यातून कळलं, आता ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा.

मग त्यांनी भिंत मोजली. थांबून थांबून एखादी टिकटिक. झोपाळा मोजला, तेवढीच. माझा हात, राजारामरावांचा हात, तेवढीच. स्वामीरावांनी जरा बिचकतच हात पुढे केला, त्यांचीही तेवढीच. प्रत्येक वेळी वेंकोबाराव तमिळमध्ये आणि मराठीत समजावत होते की ही टिकटिक जमिनीतून, आभाळातून येते, ती सगळ्यांना सारखी. शेवटी त्यांनी आपले दोन्ही हात मोजले. तेवढीच. माणसं सैल झाली, पुढे सरकून बसली. स्वामीरावांच्या घरातल्या बायका आपसात हसून बोलू लागल्या. खरं सांगतो, मला त्या माणसाचं त्या क्षणी कौतुक वाटलं. बाजी मारली होती.

“बरं,” स्वामीराव मऊ आवाजात म्हणाले, “होर आता मुलीचं एकदा होऊन जाऊ द्या. म्हणजे कोणास बोलायास जागा नको.”

रुक्मिणी बायकांतून उठली. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. मधोमध येऊन वडिलांपुढे उभी राहिली आणि दोन्ही हात, तळवे वर करून, पुढे केले. सगळं दालन तिच्या तळव्यांकडे बघत होतं. नवरा मुलगासुद्धा आता बघत होता.

वेंकोबारावांनी मीटर उचलला. तिच्या हातांपर्यंत नेला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती रडत नव्हती, लाजलीही नव्हती. नुसती उभी होती, संपायची वाट बघत.

त्यांनी खटका फिरवून मीटर बंद केला.

“काय झालं?” स्वामीरावांनी विचारलं.

“काही नाही. माझी लेंक बरी अहे,” वेंकोबाराव म्हणाले. “मापायचं नाही.”

त्यानंतरचा अर्धा तास फार वाईट गेला. इतकं सगळं मोजलं आणि नेमकी मुलगीच का नाही, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. माझी साक्ष तेव्हा मी दिली. किरणोत्सर्गाची सुरक्षित मर्यादा, वेंकोबारावांचा इतक्या वर्षांचा स्वच्छ इतिहास, मुलीच्या जन्माच्या वेळी हे गृहस्थ भट्टीवर नव्हतेच, रेडिओ दुरुस्त करत होते ही गोष्ट, सगळं मी माझ्या मिरजेच्या मराठीत तळमळीने सांगितलं. सगळ्यांनी माना डोलवल्या. आम्ही उठलो तेव्हा आम्हाला कोणी थांबा म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. बायका पुढे होत्या. मी रागावलो होतो आणि ते लपवलं नाही. म्हटलं, अहो, काय आलं असतं? तेवढीच टिकटिक आली असती. मुलीचं लग्न हातात आलं होतं.

“तेवढीच आली असती,” ते म्हणाले. “मग तिकडे गेल्यावर हिचं डोकं दुखलं की पुन्हा एकदा मापा. लेंकरू झालं की पुन्हा मापा. पेटीस मी रोज विचारतो बापटराव, पेटीस त्याचं काही वाटत नाही. हिनं सारा जन्म हात पुढं करून उभं राहावं?”

बाहेर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती आणि बस मिनिटामिनिटाला थांबत होती.

माझी रजा उरली होती म्हणून मी तिथेच राहिलो. घरात मर्तिक झाल्यासारखं वातावरण. राजारामराव भावाशी बोलत नव्हते. आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी पापनाशमहून एक ओळखीचे गृहस्थ निरोप घेऊन आले. स्वामीराव तयार आहेत. मुलाने घरात धरणं धरलं, म्हणाला मुलीचा बाप एवढ्या माणसांपुढे मापायचं नाही म्हणतो त्याअर्थी त्याला खात्री आहे. स्वामीरावांची एवढीच विनंती की गवगवा नको. मद्रासला त्यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांनी एकदा मुलीला बघावं, म्हणजे झालं.

राजारामरावांचा चेहरा उजळला. पद्माबाई देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या. गृहस्थांना कापी दिली. आणि वेंकोबाराव उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. रुक्मिणी आत विळीवर वांगी चिरत होती. सगळं तिला ऐकू गेलंच होतं.

“काय सांगू?” त्यांनी विचारलं.

तिने विळी आडवी केली. “मुलगा चांगला असेल अप्पा,” ती म्हणाली. “नको म्हणून सांगा.”

एवढं सांगायला, आलेल्या गृहस्थांच्या हाती निरोप पुरला असता. राजारामराव तर म्हणत होते की आजच काही सांगूच नका, पोरगी रागात आहे, आठ दिवसांनी बघू. वेंकोबारावांनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, बदललं, अंगवस्त्र खांद्यावर टाकलं आणि उन्हाचे एकटेच पापनाशमच्या बसला गेले. दुसऱ्याच्या घरी जाऊन नाही म्हणायचं, तेही ज्यांनी नमतं घेतलं त्यांना, आणि जिथून पुन्हा कोणी विचारायला येण्याची शक्यता फार थोडी, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

आले तेव्हा दिवस कलला होता. अंगणात पाय धुतले आणि म्हणाले, “सांगून आलों.”

पानं मांडली. त्या घरात पुरुष आधी जेवत, बायका मागून. राजारामराव, मी आणि वेंकोबाराव बसलो. रुक्मिणी भात वाढत वडिलांपर्यंत आली, भाताचं पातेलं खाली ठेवलं, कोपऱ्यातून एक केळीचं पान आणलं, ते वडिलांच्या पानाशेजारी मांडलं आणि मांडी घालून बसली. पद्माबाई सांबाराचं भांडं धरून होत्या तशाच दारात थांबल्या.

यानंतरही मी वेंकोबारावांबरोबर बरीच वर्षं काम केलं, पण मला ते आठवतात ते त्या पानावर. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही; पाहिलं असतं तर त्यांना रडू आवरलं नसतं, असं मला वाटतं. त्यांनी पातेलं जवळ ओढलं आणि आपल्या हाताने तिच्या पानावर भात वाढला.